मोजणी

उणे नऊ.
बेकरीतून सुटलो तेव्हा भुवयांवर पीठ होतं,
तळ्याशी पोचेतो त्यावर हिमकण बसले;
आता पीठ कुठलं, हिम कुठलं,
माझं मलाच सांगता येत नाही.

एतेल्का आधीच आलेली.
बंधाऱ्यावर, घडीच्या स्टुलावर,
मांडीवर देझोचा रेल्वेचा कोट.
"उशीर," म्हणते, घड्याळ न बघता.
मी गरम पोगाच्सांची पिशवी पुढे करतो.
एक ती तोंडात टाकते,
एक खिशात ठेवते, बोटं शेकायला.

तळं अजून दिसत नाही. ऐकू येतं.
अंधाराला पोट असावं आणि ते गुरगुरावं तसं.
बर्फाच्या मधोमध, उरलेल्या मोकळ्या पाण्यात
रात्रभर टेकलेले रानहंस
कूस बदलतात, शेजाऱ्याला हटकतात,
एखादा ओरडतो, बाकीचे त्याला गप्प करतात
आणि गोंगाट होतो तो गप्प करणाऱ्यांचाच.
"नगरपालिकेची सभा," एतेल्का म्हणते.

मोजायचं कसं, ते तिनं पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं.
दहा मोज. नीट, एकेक करून.
त्या दहांचा आकार डोळ्यात धर,
कणकेचा गोळा हातात जोखतोस ना, तसा,
आणि थव्यावर तो ठेवत जा, ठेवत जा.
चुकलास तरी चालेल.
पण दर वर्षी सारखंच चुक.

आता तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आहे.
जिकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं.
म्हणून ती मान वळवून कडेनं बघते, पाखरासारखी,
आणि उरलेलं कानानं.

सात दहाची बुडापेस्टची गाडी पुलावर खडखडते
आणि तळं उठतं.
पाणी नव्हे, तळंच. शंका येते
की खाली आता नुसता खड्डा उरला असेल.
तोंडावर वारा येतो, त्याला वास
चिखलाचा, ओल्या पिसांचा, जुन्या उशीचा.
दहा, दहा, दहा,
शंभराला एक टिचकी, अंगठा बधिर.
किल्ल्यावरून, साखर कारखान्याच्या बंद धुराड्यावरून
मक्याच्या कापलेल्या रानांकडे
रेघा ओढल्या जातात, मोडतात,
मागचं कुणी पुढे होऊन सांधून घेतं.
एतेल्का डोळे मिटून बसलेली.
ओठ हलतात.

मग वही. निळी, कोपरे झिजलेली.
पेन्सिलीनंच लिहायचं, शाई गोठते.
एकतीस जानेवाऱ्या, एकतीस आकडे.
नाही, तीस.
एका पानावर आकड्याच्या जागी फक्त: धुकं.

ती सकाळ मला आठवते.
मी तेव्हा भट्टीवर नवा होतो,
दार उघडून बाहेर उभा होतो घाम पुसत,
आणि चिमणीचा धूर सरळ, ताठ,
आकाश धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारखं.
धुकं नव्हतं. कुठेच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पाठवायला
चाळीस माणसांचा पाव आम्ही भाजला.

मी ते पान उलटतो.
दर वर्षी उलटतो, तसंच.

"किती?"
"अकरा हजार दोनशे."
"मला अकरा हजार ऐकू आले," म्हणते,
"तुझेच लिही." आणि जरा थांबून:
"मागे कोण राहिलं?"

दुर्बिणीत बर्फाची कड. पिसं. विष्ठा.
आणि एक. एकटा.
पाय पोटाशी घेतलेला,
थवा गेला त्या बाजूला तोंड करून.
वहीत याच्यासाठी रकाना नाही.
मी समासात एक उभी रेघ ओढतो,
तिच्यापुढे १.

एतेल्का खिशातली पोगाच्सा काढते,
तिचा एव्हाना दगड झालेला,
गुडघ्यावर आपटून मोडते, अर्धी मला देते.
आम्ही चावत बसतो.
उजाडलंय, पण ऊन नाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणते.