विरळ हवा

साडेसात हजार फुटांवर
हवासुद्धा मोजूनमापून मिळते.
दम आधी माणसाला लागतो, पण माणूस बोलत नाही.
इंजिन खोकतं.

सायकलला लावलेलं सहासष्ट सीसीचं इंजिन,
टपालाने आलेलं,
सोबत एक कागद, ज्यावरचं एकही वाक्य
शेवटापर्यंत पोचत नव्हतं.
तीन वर्षं झाली.
लायसन्स गेलं त्या रात्री ट्रक दारूच चालवत होती,
मी नुसता स्टिअरिंगमागे बसलेलो.

अलामोसाबाहेर, बटाट्याच्या गोदामात, पहाटेची पाळी.
वाटेत रेल्वेचा पूल.
अर्ध्या चढावर रोज तेच:
आवाज बसतो,
आणि मी पेडल मारतो, मारतो.
मागून येणारे ट्रक हॉर्न देतात, ओळखीचे.
ओळखीचे हॉर्न जास्त लागतात.

नवं हेड शनिवारी आलं.
अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेलं,
थंड राहायला पाती जुन्याच्या दुप्पट,
प्लगचं भोक बरोबर मध्यावर,
आतली वाटी उथळ.
म्हणजे हवा तेवढीच, पण जरा दाटीवाटीने बसणार.
"बाबा, हा तर दागिना आहे," मारिसेला म्हणाली.
ती अकरा वर्षांची. एकाआड एक शनिवार माझी.
टॉर्च धरायचं काम तिचं.

चार नट. तिरपे सोडवायचे,
एक इकडचा, मग समोरच्या कोपऱ्यातला.
जुनं हेड उचललं, तर खाली काजळी,
काकवीसारखं तेल, जळका वास.
"किती घाण!"
तीन वर्षांची आहे, मी म्हटलं.
ती आत गेली आणि स्वतःची
नेलपॉलिश पुसायची बाटली घेऊन आली.
अर्धी संपली.
सिलिंडरच्या काठात टॉर्च दिसायला लागला.

मग प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सोडली,
हाताने एक फेरा.
बाहेर आली तेव्हा टोक चपटं.
रामिरोकडून आणलेल्या मायक्रोमीटरवर तिने वाचलं:
शून्य पूर्णांक तीन.
"कमी आहे?"
कमी आहे. वेग वाढला की पिस्टन वर येऊन आपटेल.
"मग नट ढिले कर."
ढिले करून भागत नाही. दाब निसटतो.
मध्ये आणखी एक गॅस्केट घालायची.
"म्हणजे जवळ राहायचं, पण आपटायचं नाही," ती म्हणाली.

मी बराच वेळ एक नट शोधत होतो,
जो माझ्याच मुठीत होता.

दुसऱ्या खेपेला शून्य पूर्णांक सात.
पानाही रामिरोचाच,
पुरेसं आवळलं की 'टक' करणारा.
पुरे कधी, हे सांगणारं हत्यार
मला आयुष्यात फार उशिरा मिळालं.
आता हिला महागातलं पेट्रोल लागणार.
लागू दे. या घरात पिणारी
आता ती एकटीच.

सोमवार. उणे नऊ.
ब्लँका डोंगर अजून काळाच.
क्लच सोडला, आणि डब्यात खिळे हलवल्यासारखा
तो जुना आवाज आलाच नाही.
दुसराच कोणीतरी बोलला, खालच्या पट्टीत,
वाक्य पुरं करत.

पूल आला.
अर्ध्या चढावर मी आवाज बसायची वाट पाहिली,
अंग आवळून,
जशी ओळखीच्या शिवीची पाहतात.
पाय सवयीने जोर लावायला निघाले,
आणि तिथे त्यांना काही कामच नव्हतं.
माथ्यावर दोन ट्रक मागे होते,
एकानेही हॉर्न दिला नाही,
की दिला, आणि मला ऐकू आला नाही.

खिशात चपट्या टोकाची ती तार.
गोदामाच्या दाराशी इंजिन बंद केलं,
पाती गरम, त्यांवर हातमोजे धरून उभा राहिलो.
तिला सांगायला
अजून बारा दिवस आहेत.