इतर

हर्षला भोपी, वय सव्वीस, गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र,
चौथ्या मजल्यावर येऊन दारात आधी श्वास घेते.
मी म्हणतो, बसा, पाणी देतो.
ती म्हणते, काका, तुम्ही नका उठू.
पण उठण्यातच माझा अर्धा दिवस जातो,
तो तिच्यासाठी खर्च केला तर काय बिघडलं.

टॅबवर रकाने. साठ ते सत्तर, सत्तर ते ऐंशी.
सोबत कोण राहतं. मधुमेह. गेल्या वर्षी पडलात का.
मोरीत धरायला दांडी आहे का.
शेवटचं खाली कधी उतरलात?

इथे मी अडतो.
पाडव्याला, असं सांगतो.
कुठल्या, ते ती विचारत नाही.

मग बोलून टाकतो, की हा जिना मी काढलाय.
बांधला नाही. काढलाय.
सिडकोत ड्राफ्ट्समन होतो, ब्याऐंशी साली,
ट्रेसिंग पेपर, बारीक टोकाचं पेन, अमोनियाच्या वासाचे प्रिंट,
आणि साहेब म्हणाले, निगुडकर, चार मजल्यांना लिफ्ट कशाला,
माणसं तरुण आहेत.
होतीच.
सगळं नेरूळ तिशीचं होतं.
शाळेला भूखंड सोडला, प्रसूतिगृहाला सोडला,
घसरगुंडीला, दूध केंद्राला,
आणि स्मशानाला एक, तो लांब, खाडीकडे.
शाळा आणि स्मशान यांच्यामध्ये
म्हातारपण लागतं, हे नकाशात कुणी मागितलं नव्हतं.
मीही काढलं नाही.

पायरी साडेसतरा सेंटिमीटर. मजल्याला सोळा.
चौसष्ट पायऱ्या, कुठली कोपऱ्यात फुटलीय
आणि कठडा कुठे हलतो, तोंडपाठ.

शेजारच्या थंकम्मा दोरीला टोपली बांधून खाली सोडतात,
दूध येतं, मेथी येते, गोळ्या, एकदा नातीचे पेढे.
समोरचे घैसास गेले तेव्हा
स्ट्रेचर वळणावर वळेना.
मग खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं,
आणि माझ्या दारावरून नेलं.
मान हलत होती त्यांची,
जणू मजल्यामजल्यावर ओळखीच्यांना होकार देत चाललेत.
मी कठडा धरून उभा. डोक्यात एकच आकडा.
एक मीटर. वळण एक मीटर.

हर्षलाच्या बोटाला टॅबवर जागा सापडत नाही.
म्हणते, काका, या सेक्टरात आमची खाचरं होती.
भरतीला बांधावर निवट्या मिळायच्या, आजी सांगते.
आजी करावे गावात, तळमजल्यालाच राहते,
जिन्याचा प्रश्न नाही.
पण रस्ता मधोमध आला की सिग्नल बदलतो.
बावीस सेकंद.
दवाखाना समोर दिसतो.
नुसता दिसतो.

तिच्या आजीची जमीन, माझी रेघ.
पंख्याचा आवाज तेवढा होत राहतो.

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडतो. श्रावण गेला, चालेल.
हात थरथरतो, पट्टी सरकते,
तरी वळणावर भिंतीला घडीची फळी काढतो, टेकायला.
कठडा दोन्ही बाजूंना.
रस्त्याला दर शंभर पावलांवर बाक, पाठवाला, हातवाला,
हाताशिवाय बाकावरून उठता येत नाही
हे तिशीत कुणाला कळतं.
सिग्नल : पन्नास सेकंद. खाली दोन रेघा.
लिफ्ट बाहेरून, जिन्याला चिकटून,
ती ठिपक्यांनी. मंजूर होईल तेव्हा होईल.

कागद टॅबमध्ये जात नाही.
ती खाली खाली सरकवत नेते आणि शेवटी एक रकाना निघतो : इतर.
दोनशे अक्षरं मावतात.
ती फोटो काढते,
आणि कागदही घडी करून पिशवीत ठेवते, डब्याशेजारी.

जाते. चपलांच्या आवाजावरून मी पायऱ्या मोजतो.
सहा. सात. आठ.
थांबली.
खालून हाक : काका, हे वळण किती म्हणालात?

एक मीटर, मी ओरडतो,
कित्येक दिवसांत एवढा आवाज घशातून निघाला नव्हता,
लिही, कमी पडलं!

थंकम्मांचं दार उघडतं,
काय झालं ते बघायला.