कूलर बंद करा

बातम्यांच्या आधी कूलर बंद करावा लागे.
माइक पहिल्यांदा त्याचाच आवाज पकडायचा.
गांधीबागेत साडीच्या दुकानावरची खोली,
खिडकीला काळं कापड, मे महिना,
आणि मी पंधरा मिनिटं
मनपाच्या नळांचं, मेडिकलच्या संपाचं वाचत राहायची,
घाम पाठीवरून कमरेत उतरेस्तोवर.
मान खाली, कागद. मान वर, लोक.
एवढाच तेव्हाचा फॉरमॅट.

मग कॅसेट लुनावर.
नौशाद ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून न्यायचा.
महालात बातम्या सातला,
पाचपावलीत साडेसातला,
जरीपटक्यात पोचेस्तोवर आठ.
एकाच संध्याकाळी मी सहा मोहल्ल्यांत सहादा नमस्कार करायची
आणि घरी येऊन स्वतःकडे बघत जेवायची.

शालिकराव हेडाऊंच्या साडूच्या पोरानं
ओहायोहून एक टेप पाठवली, तिथल्या गावच्या बातम्यांची.
तिकडची टेप, इकडचं मशीन: रंगच येईनात.
अमेरिका मला अजूनही करडी वाटते.
दोघं शेजारी बसलेले, एक बाई, एक बुवा.
आगीची बातमी संपली की ती त्याच्याकडे वळे,
तो काहीतरी बोले, दोघं हसत.
हवामानवाला नकाशापुढे असे हातवारे करी
जसा काही पाऊस तोच पाडणार आहे.
आम्ही चारदा पाहिली.
शब्द कोणालाच धड कळले नाहीत. हसू कळलं.
"आपल्यालेही असंच पाहिजे," शालिकराव म्हणाले,
"लोक बातमी नाही पाहत बाई, माणसं पाहतात."

मग विश्वंभर दुरुगकर आला,
बँकेतून सुटून, खिशातला टाय बांधत.
भिंतीवर नागपूरचा नकाशा, त्यावर कागदी सूर्य.
तो हलवायचं कारण जूनपर्यंत पडलं नाही.
आणि टाइप केलेल्या पानाच्या शेवटी, कंसात: हसणे.

वाडीकडच्या खाणीत पोरगा बुडाला,
त्या दिवशीच्या पानावरही तो शब्द होता.
कोणी मुद्दाम टाकला नव्हता. कोणी काढला नव्हता.
आम्ही हसलो.
फार नाही.
पण सहा मोहल्ल्यांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई जिना चढून आली.
मला वाटलं, मारेल.
"तुमच्या बातमीत पोरगं चालते," ती म्हणाली.
सव्वीस जानेवारीच्या लेझीमची जुनी क्लिप लावली होती आम्ही,
चार सेकंदांची.
"फोटो हाये घरी. चालताना नाही."
मी टेप लावली, त्याच्यावर थांबवली.
चित्र थरथरलं, तोंडावरून एक पांढरी रेघ गेली.
"थांबवू नको बाई," ती म्हणाली, "जाऊ दे त्याले."

सहा वाजता त्याच कॅसेटवर नव्या बातम्या चढायच्या होत्या.
मी ती तिला देऊन टाकली.
पगारातून नव्वद रुपये कापले गेले.

पुढचं पटापट झालं.
खाली पट्टी पळू लागली, आम्ही उभ्यानं वाचू लागलो,
मग पडद्यावर सहा चौकटी, सहा तोंडं, सगळी एकदम उघडी.
मी तोवर घरी बसले होते.
आता मावसबहिणीची रुचिका
बर्डीच्या पुलाखाली फोन उभा धरून बातमी देते, तीस सेकंद.
तिचाच चेहरा, तिचाच कॅमेरा, मागे हॉर्न चालू.
काहीच बंद करावं लागत नाही तिला.

परवा विचारत होती, तुमच्या वेळचं काही रेकॉर्ड आहे का गं मावशी?
एक आहे, म्हटलं. माझ्याकडे नाही.

त्या चार सेकंदांनंतर टेपवर काय आहे
ते मला आणि विश्वंभरला ठाऊक आहे.
तिच्याकडे व्हीसीआर होता की नाही, मी विचारलं नव्हतं.
असेल तर
ती आमच्यापर्यंत येऊ देते टेप,
की त्याच्या आधीच
हात पुढे करते?