ओहोटी न येणारी बेटं

कास्त्रोहून रात्रीच्या बसनं आलेला मेणाचा ठोकळा,
आत अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा.
सोबत चिठ्ठी: आन्सेल्मो चिगुआय, वय नऊ,
मान, उजवी बाजू, दुखत नाही.

दुखत नाही, हे दोनदा लिहिलंय.

मी चार मायक्रॉनचा काप घेते,
कोमट पाण्यावर तरंगवते, काचेवर उचलते.
आधी जांभळा रंग, मग गुलाबी.
खाली वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारात
समुद्रसिंह भुंकतायत, डोक्यांसाठी.

भिंगाखाली द्वीपसमूह.
निरोगी गाठीतली बेटं गोल असतात,
प्रत्येकाला गडद पेशींचा दाट काठ,
अर्धं बेट काळोखं, अर्धं उजळ:
इकडे पेशी जन्मतात, तिकडे त्यांची पारख होते.
भरती, ओहोटी.
क्विंचाओच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.
पाणी पाच-पाच मीटर उतरतं,
होड्या चिखलात कलंडतात,
बायका बादल्या घेऊन शिंपल्यांना जातात.

इथं पाणी उतरलेलंच नाही.
बेटं फुगलीत, वेडीवाकडी, एकमेकांत घुसलेली,
काठ झिजून दोऱ्याएवढा,
उजेड-काळोखाची वाटणी मोडलेली.
तीच पेशी, तीच, तीच,
बे एके बेवरच अडकलेल्या मुलासारखी.

साठीच्या माणसाच्या गाठीत हे दिसलं असतं
तर मी वेगळं वाक्य लिहिलं असतं.

मी काच सरकवते, पार कडेला.
तिथं नखाच्या कोरीएवढी जुनी गाठ शाबूत आहे.
तीन लहान बेटं. गोल. काठासकट.
मग एक तपकिरी डाग,
जो चढू नये म्हणून मी दोन दिवस थांबते.
चढत नाही.

आजार मुलांचा, क्वचितचा.
काढून टाकला की बहुधा परतत नाही.
'बहुधा' खोडते. पुन्हा लिहिते.

कास्त्रोच्या डॉक्टरांना बोट मिळाली नाही,
म्हणून फोन मलाच करावा लागतो.
बापाचं नाव बेलार्मिनो. शिंपल्यांचे दोर वळतो.
"औषध कुठलं?"
काही नाही. दर तीन महिन्यांनी मान दाखवायची.
"काहीच नाही?"
काहीच नाही.
तो बराच वेळ बोलत नाही.
गाठ सोडवायची असते, हे त्याच्या हातांना ठाऊक;
कापून भागतं, यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

आन्सेल्मो कुठंय, मी विचारते.
"खाली, चिखलात.
पाणी उतरलंय ना."