एकोणीस पिंपं

वार्डोतला माशांचा कारखाना बंद झाला
त्या दिवशी धक्क्यावरून आत आली फक्त एकोणीस पिंपं.
राग्नफ्रिडनं नेहमीसारख्या रेघा ओढल्या, पिंपाला एक,
पण पाचवी आडवी मारायची राहून गेली.
हात गारठले होते, म्हणते.
किंवा मोळ्या बांधण्याजोगं काही उरलं नव्हतं.

मग आले वाटेकरी.
बँक, बोटींचे मालक, दक्षिणेतली विमा कंपनी.
वजनकाटे गेले, बर्फाचं यंत्र गेलं, खुर्च्यासुद्धा.
वही कुणालाच नको होती.

सहा वर्षांची सुन्निवा नुकतीच आकडे शिकलेली,
तिला रेघा दिसल्याच नाहीत.
आजी, केवढा हा नंबर!

१ १११ १११ १११ १११ १११ १११

आपल्याकडे घरांना नावं आहेत,
निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य,
आणि अठराव्या घराशी परार्ध, तिथं पाढाच संपतो.
या संख्येचा पहिला एक
त्याच्याही पलीकडे उभा,
बिननावाचा,
शेवटच्या दिव्याच्या खांबापुढे कुणी समुद्राकडे तोंड करून थांबावं तसा.

तिथल्या हिवाळ्यात दोन महिने सूर्य नसतो.
राग्नफ्रिड भागाकार करत बसली.
दोननं, बाकी एक. तीननं, बाकी एक.
पाच, सात, अकरा, तेरा:
जो येईल तो रिकाम्या हातानं परत,
दारात तोच एक.
सतरानं तेवढे नऊ ठेवले,
एकोणिसाशी पुन्हा एक.

अठराच पिंपं आली असती तर
तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी वाटून घेतली असती.
वीस आली असती तरी अकरानं सोडलं नसतं.

अठरा वर्षांनी ट्रोम्सोहून सुन्निवाचा फोन.
अगं, सगळे नको करत बसू.
याला भाग जायचाच असेल तर अशा मूळ संख्येनं
जी अडतिसाच्या पाढ्यात एक मिळवून येते.
तशा तरी किती?
तीस लाखांना थोड्या कमी.
दिवसाला बारा केल्या तर?
पावणेसातशे वर्षं.
आणि, आजी, यंत्रानं हे केव्हाच केलंय.
भाग जात नाही. कुणाचाच.

तारेत थोडा वेळ नुसता वारा.

यंत्राला सांग, म्हणाली,
माझं अजून चाललंय.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
तिनं पेन्सिलीला टोक काढलं.
अडतीस पाचे एकशे नव्वद, वर एक.
एकशे एक्क्याण्णव.
पाऊण पान भरलं, कॉफी निवली.
बाकी चौऱ्याऐंशी.

तिच्या वयाएवढी.
तिनं त्याचं काही केलं नाही,
वही जरा सरळ केली,
आणि खाली लिहिलं:
दोनशे एकोणतीस.