कळ

फतेगंजच्या खोलीत न्हुंग दारावर कागद चिकटवते.
रोज सात शब्द. आज 'रिलक्टंट'.
शेवटचा ट ओठांआधीच विरतो,
मी टेबलावर पेन्सिल आपटून दाखवते : ट.
खाली शेवउसळवाला सुट्ट्या पैशांवरून भांडतोय.

"दया आणि प्रेम, यांच्या मधला शब्द?
आमच्याकडे 'थुअंग'. जखमेलाही तोच."
मी जाडा कोश चाळते. टेंडरनेस, कम्पॅशन...
ती मान हलवते,
यांत दुखत नाही कुठे.

मग परीक्षेला निरुपयोगी असं
माझ्या तोंडून निघून जातं : कळवळा.
ती दोनदा म्हणते. कलवला. कलवला.
ळ जमत नाही,
पण शेवटी गळण्यासारखंही काही नाही.

आठवा कागद.
दारावर जागा नव्हती,
तिने खिडकीच्या काचेला लावला.