दुसरा रिमोट

खडेबाजारच्या एका बोळात महांतेशचं दुकान.
पाटी कानडी, खाली बारीक मराठी.
'एन बेक्री, अक्का?'
मग माझं तोंड बघून,
'कशासाठी पायजे ते सांगा, मग दाखवतो.'

कशासाठी.
रणगाड्यांसाठी. विटांच्या भिंतींसाठी.
फुंकर मारल्याशिवाय न उठणाऱ्या
त्या पिवळ्या कॅसेटीसाठी, जिच्यावर छापलं होतं
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ
आणि निघाले होते सहा.

कंट्रोलर हा शब्द नव्हता तेव्हा. रिमोट म्हणायचो.
पहिला सातेरीचा, दुसरा माझा.
दुसऱ्याला स्टार्टचं बटणच नसायचं.
कारखान्यातूनच तसा यायचा, हे फार उशिरा कळलं;
तोवर मला वाटायचं, दादानंच उपटलंय.
पडद्यावरची अक्षरं जपानी.
शाळा मराठी, बसवरची पाटी कानडी,
वाचता येत नाही म्हणून कुणी थांबत नसतं
हे वडगावात शिकवावं लागत नाही.
तिसरी ओळ म्हणजे दोघांचा खेळ. बास.

सात मांडले त्यानं काउंटरवर.
हा बिनवायरचा. हलका, देखणा,
पण दाबल्यावर पाव श्वास उशिरा.
आमच्या फुगीर काचेच्या टीव्हीला
उशीर माहीतच नव्हता.
हा जुन्याची नक्कल: चौकोनी, कोपरे तळव्याला रुततात.
रुतायलाच पाहिजेत खरं तर.
ह्याची फुली ढिली, खाली म्हटलं की तिरकं जातंय.
'रबर बदलतो की, धा मिनिटं.'

मी डावा अंगठा मुठीत दुमडला
आणि पहिल्यापासून परत एकेक धरून बघितला.

महांतेश बोलायचा थांबला.

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीला, प्रेसखाली
सातेरीचा डावा अंगठा गेला.
रेशनच्या मशीनवर तो उजवा लावतो.
शर्टाची बटणं लावतो, गाडी चालवतो,
कुणी हळहळलं तर म्हणतो, नऊ हायत की अजून.
पण फुली डावीकडं असते.
सगळ्यांचीच डावीकडं.
मधल्या बोटानं जमतं का बघितलं.
जमतं. एक भिंत फुटेपर्यंत.

मग त्यानं स्टूल ओढलं, वरच्या फळीवरनं
कानडी पेपरात गुंडाळलेलं लाकडी खोकं काढलं.
मधोमध दांडा, टोकाला लाल गोळा,
शेजारी सहा बटणं, पेढ्याएवढी.
कुणीतरी करायला सांगून न्यायला आलंच नव्हतं.
हे मुठीत धरायचं. अंगठ्याला विचारायचं नाही.
हलवलं: टक्. टक्.
कोरडा आवाज, गुळगुळीत काही नाही त्यात.
किंमत बाकीच्या तिघांची मिळून.
दोनशे कमी केले त्यानं, न मागता.

तिसऱ्या गेटला मालगाडी संपता संपेना.
खोकं मांडीवर घेऊन मी डबे मोजले, मग सोडून दिले.

सातेरीनं आधी ते उलटं करून स्क्रू बघितले.
'कोन बरा मारलाय. कुणी केलं?'
मग दांडा धरला, ट्रॅक्टरच्या गिअरगत.
मी माझा घेतला. जुनाच, चिकटपट्टीवाला,
महांतेशनं टोकाला नवी पिन बसवून दिलेला.
स्टार्ट अजून त्याच्याकडंच.

पहिलीच गोळी त्याची, लागली मला.
मी गोठले, चळचळत उभी,
तेवढ्यात मागून येऊन त्यांनी किल्ला फोडला.

'दांडा कडक आहे,' तो म्हणाला.
जरा वेळानं, 'वायर पण आखूड आहे.'
आणि बसल्या बसल्या पुढं सरकला.
मीही सरकले.

आतून आई ओरडली,
डोळे जातील.